विचारणाऱ्यावरचं कर्ज

(महागाव येथे गुरुजींच्या स्मरणार्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कर्ज म्हणजे काय, हे या तालुक्याला बाहेरून येऊन कुणी शिकवू नये. तरीही आज मी कर्जावरच बोलणार आहे. मात्र हे कर्ज सातबाऱ्यावर चढत नाही आणि त्याची नोटीसही निघत नाही. मानसशास्त्रात आमचा धंदाच प्रश्न विचारण्याचा. झोप लागते का, कशाची भीती वाटते, या दोन चित्रांत सारखं काय आहे. समोरचा माणूस उत्तर देतो, म्हणजे घरातलं काहीतरी काढून आमच्या ओंजळीत ठेवतो. आम्ही ते कागदावर उतरवून घेऊन जातो. माझं म्हणणं असं की त्या क्षणापासून आम्ही त्याचे देणेकरी होतो. कॉलेजात मानसशास्त्राची नीती शिकवताना मी पानंच्या पानं लिहून दिली. निवृत्त झाल्यावर वाटतं, ती सगळी नीती एका ओळीत मावते: फेडायची ऐपत नसेल, तर विचारू नये.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. ज्यांच्या नावानं आपण आज जमलो आहोत, त्या गुरुजींनी शिकवलं, आणि तेही माझी चूक पकडून.

१९८० चं दशक संपत आलं होतं. मी नुकतीच पदव्युत्तर शिक्षण घेऊन बाहेर पडले होते. एका शाळेनं 'मागे पडणाऱ्या' मुलांच्या बुद्धिमापनासाठी मला बोलावलं. पत्र्याची पेटी, त्यात चित्रांची कार्डं, मणी, ठोकळे, आणि गळ्यात स्टॉपवॉच. पेटी उघडली की वर्गाबाहेर पोरांची गर्दी व्हायची. त्यांना वाटायचं, जादूचे प्रयोग आहेत.

बंजारा तांड्यावरचा एक मुलगा समोर येऊन बसला. कसोटीतले खरे प्रश्न चारचौघांत सांगायचे नसतात, तो आमच्या धंद्याचा नियम आहे, म्हणून त्याच जातीचा दुसरा प्रश्न सांगते. मी विचारलं, "घरात कोणी मोठं नाही आणि पाहुणे आले, तर तू काय करशील?" उत्तर अपेक्षित होतं: बसा म्हणेन, पाणी देईन, आईला बोलावून आणेन. मुलगा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घरात कोणी नसते तवा मी बी नसतो. आमी समदे उसाले जातो."

स्टॉपवॉच थांबवलं आणि शून्य दिलं. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. उसाच्या हंगामात तांड्यातली झोपडी कुलूपबंद असते, तिथे पाहुणा येत नाही आणि आला तर त्याला पाणी द्यायला पोरगं मागे राहत नाही. त्यानं दिलेलं उत्तर त्या प्रश्नाचं सगळ्यात खरं उत्तर होतं. पण खऱ्याला गुण द्यायची सोय माझ्या तक्त्यात नव्हती. शिवाय प्रश्न मराठीत होते. त्याच्या घरची भाषा गोरमाटी; तिथे आईला याडी म्हणतात आणि भाकरीला बाटी. मराठी ही त्याची शाळेची भाषा. दुसऱ्याच्या भाषेत विचार करून बोलायला जो वेळ लागतो, तो मी बुद्धीच्या खात्यातून कापला.

आता हिशेब ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जुन्या पद्धतीत मुलाचं मानसिक वय काढतात, त्याला खऱ्या वयानं भागतात आणि शंभरानं गुणतात. त्याचं मानसिक वय आलं ७. रजिस्टरवर वय होतं १०. सात भागिले दहा गुणिले शंभर. सत्तर. मी अहवालात ७० लिहिलं, सही केली आणि बसनं परत गेले.

पंधरा दिवसांनी गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. ते त्या शाळेत नव्हते, शेजारच्या गावात शिकवायचे, पण तांड्यांवर त्यांचं जाणं-येणं होतं. कार्डावर एवढंच होतं की मुलाच्या आईला विचारलं, हिशेबानं मुलगा आठ वर्षांचा आहे, दहाचा नाही, आपण कोणती तारीख धरली?

तारीख मी दाखल-खारीज रजिस्टरमधली धरली होती. १ जून. या सभागृहात १ जूनला वाढदिवस असलेले किती जण आहेत? हात वर करू नका, आयोजकांना पेढे पुरणार नाहीत. शाळेत नाव घालताना बापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजनांनी १ जून लिहायची आणि पोरगं पहिलीत बसेल असं साल टाकायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म त्या एका दिवशी झाला आहे. आपले गुरुजी मात्र तसं करत नसत. ते आईला विचारायचे: तीज झाली होती की व्हायची होती? होळीला हे पोटात होतं की पाठीवर? मग कुठल्या साली पूर आला, कुठल्या साली विहीर खणली, असं जुळवत जुळवत तारखेच्या जवळ जायचे. एका मुलाच्या एका रकान्यासाठी अर्धा तास. आज मला वाटतं, मी पाहिलेली ती सगळ्यात सचोटीची मानसशास्त्रीय मुलाखत होती.

आठानं भागलं की साडेसत्त्याऐंशी येतात. सत्तर आणि अठ्ठ्याऐंशी यांच्यामध्ये एका मुलाचं अख्खं शालेय आयुष्य मावतं. मी शाळेला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. पण तोवर आकडा वर्गात फुटला होता. मुलाला मागच्या बाकावर बसवलं गेलं आणि पोरं त्याला 'सत्तर' म्हणू लागली. अठ्ठ्याऐंशी हा आकडा तरी खरा होता का? नाही. भागाकार सुधारला, पण प्रश्न तसेच राहिले होते.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग फेकून द्या ती पेटी. तसं मला म्हणायचं नाही. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी पहिली कसोटी केली ती कुणाला बाहेर काढण्यासाठी नव्हे. नेहमीच्या वर्गात ज्याचं चालत नाही अशा मुलाला जास्तीचं शिकवावं, यासाठी त्याला वेळेवर ओळखायचं होतं. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते आणि तिच्यात वाढ होत नाही, हे मत बिनेला मुळीच पसंत नव्हतं. १९११ मध्ये तो गेला. कसोटी समुद्रापार अमेरिकेत गेली आणि तिथे तिचा उपयोग न्यूयॉर्कच्या बंदरात उतरलेल्या स्थलांतरितांना 'मंदबुद्धी' ठरवण्यासाठीही झाला. बोटीचा लांबचा प्रवास करून आलेला, इंग्रजी न कळणारा माणूस आणि समोर कार्डं. तांड्यावरच्या मुलासमोर मी बसले होते तशीच.

आपल्याकडे ही कसोटी आणली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. धारवाड भागातल्या कन्नड आणि मराठी मुलांवर त्यांनी ती बसवली आणि १९४० मध्ये ती पुस्तकरूपात आली. नुसतं भाषांतर करून ते थांबले नाहीत. इथल्या मुलांना काय येतं, कितव्या वर्षी येतं, हे मुलांनाच विचारून त्यांनी ठरवलं. बिने-कामत कसोटी पुढे अनेक दशकं वापरात राहिली आणि तिच्या आधारावर मिळालेल्या प्रमाणपत्रानं कितीतरी घरांना परीक्षेत सवलत आणि सरकारी मदत मिळाली. त्या घरांसाठी कसोटीनं आपलं कर्ज फेडलं. पण कन्नड आणि मराठी मुलांवर बसवलेली कसोटी गोरमाटी बोलणाऱ्या मुलावर चालवली, तो कामतांचा दोष नाही, तो माझा.

अमेरिकेत हाच प्रश्न कोर्टात गेला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही कृष्णवर्णीय मुलांना बुद्ध्यंकाच्या आधारावर 'मंदबुद्धी' मुलांच्या वर्गात घातलं होतं. १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी निकाल दिला की कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गात टाकण्यासाठी या कसोट्या वापरता येणार नाहीत. कसोटी सगळ्यांना सारखीच लावली, एवढ्यानं ती न्याय्य होत नाही, हे तिथल्या कायद्याला मान्य करावं लागलं.

शिक्का किती टिकतो, हे या परिसराला वेगळं सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसांच्या अख्ख्या समूहांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, आणि ते समूह अजूनही 'विमुक्त' याच शब्दानं ओळखले जातात. सुटका झाली, पण कशातून सुटका, ते नावातच राहिलं. आणि इथून जवळच, पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या तांड्यातून निघालेल्या वसंतराव नाईकांनी अकरा वर्षं या राज्याचं मुख्यमंत्रिपद सांभाळलं. त्यांच्यासमोर लहानपणी कुणी पेटी उघडून बसलं असतं, तर काय आकडा आला असता, कोण जाणे.

आता दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांकडे येते. ते विचारणं जास्त अवघड आहे.

याच तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ जीवनाचा शेवट केला. २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला अनेक गावांत त्यांच्या आठवणीनं अन्नत्याग होतो. १९८६ नंतरच्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात प्रश्न विचारणाऱ्यांची रीघ लागली. पत्रकार आले, अभ्यासक आले, समित्या आल्या, मागोमाग आम्ही मानसशास्त्रवालेही आलो. २०१५ मध्ये राज्य सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. शेतकऱ्यांचं समुपदेशन व्हावं, नैराश्य लवकर ओळखलं जावं, हा त्यामागचा हेतू.

नैराश्य ओळखायला जगभर एक नऊ प्रश्नांचा फॉर्म चालतो, पीएचक्यू-९. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तो फायझर या औषध कंपनीच्या अनुदानातून तयार केला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, थकवा किती, आपण घरच्यांना तोंड दाखवण्याच्या लायकीचे राहिलो नाही असं वाटतं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. शेवटचा, नववा प्रश्न जगण्याच्या इच्छेबद्दलचा.

एकदा एका आशाताईंसोबत मी एका अंगणात बसले होते. त्यांनी घरधन्याला पहिले प्रश्न विचारले. झोपेचा प्रश्न आला तसा तो हसला. "मॅडम, झोप काहून नाई लागत म्हंता? रातची लाईन हाय, पाणी कवा देनार? त्याच्यात डुकराची जागल." बरोबरच होतं. वीज रात्री, रानडुकरं रात्री, तर माणूस जागाच असणार. हे आजाराचं लक्षण नव्हतं, पंपाला वीज कधी येते त्याचं लक्षण होतं. फॉर्मला तो फरक कळत नाही. मनात म्हटलं, हे तीन गुण लिहू नका. तेवढ्यात आतून, चुलीपासून, बायकोचा आवाज आला: "जागल दोन महिन्यापासून भावजीकडं हाय."

अंगण गप्प झालं. सासूनं पदर तोंडाला लावला. तो उठला आणि गोठ्याकडे निघून गेला.

फॉर्म चुकला होता, मीही चुकले होते, आणि जिचं नाव फॉर्मवर कुठेच नव्हतं ती बरोबर होती. पण तिच्या एका वाक्यानं त्या माणसाची लाज आम्हा परक्यांसमोर उघडी पडली. आशाताईंनी पेन मिटलं, फॉर्म पिशवीत ठेवला आणि चहा मागितला. तासभर कापसाच्या भावावर बोलणं झालं. नववा प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला नाही. दोन दिवसांनी त्या एकट्याच पुन्हा गेल्या, गोठ्यात उभ्या राहून त्याच्याशी बोलल्या, आणि पुढच्या बाजारच्या दिवशी त्याच्याबरोबर एसटीनं पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयात गेल्या. उत्तर घेतलं होतं, ते त्यांनी फेडलं.

१९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंग्नर या दोघांनी तपासणीचे नियम लिहिले. त्यातला एक असा की निदानाची आणि उपचाराची सोय नसेल तर रोग शोधत फिरू नये. आणि सोय असेल तर? आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते घरोघरी गेले, बोलले आणि गरज पडली तर डॉक्टरपर्यंत सोबत गेले. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे विचारणं वाईट नाही. विचारून निघून जाणं वाईट.

यात एक गाठ मात्र इथलीच आहे. शेतकऱ्यानं जीवनाचा शेवट केल्यावर घरात फाइल येते. २००६ च्या शासन निर्णयानुसार मदत एक लाखाची, आणि ती मिळण्याआधी ठरायचं ते 'पात्र' की 'अपात्र'. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा असेल तर पात्र. दारू, घरगुती भांडण, आजारपण असं कारण लागलं तर अपात्र. आता एखाद्या घरातल्या बाईच्या जागी बसून बघा. नवऱ्याचं मन ठीक नाही हे तिला दिसतंय. समुपदेशक दारात उभा आहे. तिला वाटतं, आज 'नैराश्य' लिहिलं गेलं आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर हाच कागद आपल्याविरुद्ध उभा राहील. म्हणून ती म्हणते, सगळं ठीक आहे. तिला अडाणी म्हणू नका. कागद प्रवास करतो, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

कायद्यालाही ते कळतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा माणसाच्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलं आहे की कुणाच्या आर्थिक किंवा सामाजिक स्थितीवरून त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. गरिबी हे निदान नव्हे. सोयाबीनला भाव मिळाला नाही म्हणून जो काळजीत आहे, त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून घरी पाठवणं म्हणजे भावाचा प्रश्न त्याच्याच डोक्यात ढकलणं. आणि ज्याला खरोखर आजार जडला आहे, त्याला 'भाव मिळाला की बरा होशील' म्हणणं, हीही तेवढीच फसवणूक. दोन्ही कर्जं वेगळी आहेत, दोन्ही फेडायची आहेत. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या मनावर असं ओझं असेल, तर १४४१६ हा 'टेलिमानस' या सरकारी मदतवाहिनीचा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा. तो मोफत आहे.

विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देण्याचाही हक्क असतो, हे आपण पोलिसांच्या बाबतीत मानतो. मनाच्या बाबतीत मानायला वेळ लागला. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा आधार शिक्षेसाठी घेतला गेला. आरोपी बोलला नाही तरी त्याचा मेंदू बोलतो, असा त्यामागचा दावा. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या माणसाच्या मर्जीशिवाय करता येणार नाहीत. ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे त्याचं मौन जर राज्यघटना राखते, तर आठ वर्षांच्या मुलाचं आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं मौन राखायला आपल्याला कुणी अडवलंय?

बाजारात चालतं ते थोडक्यात सांगते. बोटांचे ठसे घेऊन मूल डॉक्टर होणार की इंजिनिअर हे सांगणारी डीएमआयटी नावाची 'चाचणी' तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. तिला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं स्पष्ट केलं आहे. ते पैसे मुलाच्या पुस्तकांना लावा. सरकारी कलचाचणी हे वेगळं प्रकरण. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांचा कल संगणकावर तपासला गेला. हेतू चांगला होता. पण एका मुलाचा कल 'कृषी' आल्यावर त्याचे वडील मला म्हणाले, "हे तर मलेबी ठाऊक होतं. त्यातून सुटावं म्हणून तं शाळेत टाकलं." दुसऱ्या एका मुलीचा कल ललित कला आला. तिनं विचारलं, मॅडम, ते कुठे शिकवतात? माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिच्या एसटीच्या पासात बसणारं नव्हतं. कल सांगितला आणि वाट सांगितली नाही, तर तीही थकबाकीच.

तरुण शिक्षक, समुपदेशक इथे बसले आहेत, त्यांना गुरुजींच्या रजिस्टरवरून शिकलेलं सांगते. विचारण्याआधी, हे कशासाठी विचारतोय आणि कागद कुठे जाणार ते सांगा, आणि नाही म्हणायला जागा ठेवा. त्याच्या भाषेत विचारा, नसेल येत तर येणाऱ्याला सोबत घ्या. आकडा लिहिण्याआधी तो कोणत्या रकान्यावर उभा आहे, ते खोदून बघा. आणि निकाल आधी त्याला सांगा, मग दुसऱ्या कुणाला.

हे शेवटचं मी पाळलं नाही. काही वर्षांपूर्वी गुंजच्या बाजूला एका लग्नात एक माणूस जवळ आला. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, खिशाला दोन पेनं. "वळखलं का मॅडम? मी सत्तर." माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. तो अगदी सहज म्हणाला, "एक विचारायचं होतं कवाचं. शंभरापैकी सत्तर म्हंजे तं फर्स्ट क्लास. मंग मले मागच्या बाकावर कामून बसवलं?"

इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तो पास झाला होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मीही नाही.

मांडवाच्या कडेला दोन खुर्च्या ओढून मी त्याला सगळं सांगितलं. मानसिक वय, खरं वय, १ जून, गुरुजींचं पोस्टकार्ड, आणि त्याच्या उत्तराला दिलेलं शून्य. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि पत्रिकेच्या मागच्या बाजूला स्वतःच भागाकार केला, आधी दहानं, मग आठानं. उचलीचा हिशेब करणारा माणूस, त्याला वेळ लागला नाही. आकड्याखाली रेघ मारून तो म्हणाला, "म्हंजे तारीख चुकली होती. मी नाई."